पुलाखालचे मेलेले मासे

"अजून एक! ए, लवकर या, अजून एक!"

रिथी सोक पुलाखाली गुडघाभर चिखलात उभा राहून ओरडत होता. ओहोटीनं नदी पार मधोमध सरकली होती आणि दोन्ही काठांचा काळा, वास मारणारा चिखल उघडा पडला होता. त्या चिखलात एक मासा आडवा पडला होता. कुशीवर काळे पट्टे, पोट पांढरंफटक, आणि लांबी म्हणाल तर थेट रिथीच्या कमरेपर्यंत!

"काठीनं टोचू नकोस तिला!" नील्डा खाली उतरत म्हणाली.

"तिला? मादी आहे हे तुला कोणी सांगितलं? मेलेल्या माशानं?"

"एवढे मोठे पट्टेरी बास म्हणजे माद्याच असतात. पप्पा सांगायचे."

पप्पांचं नाव निघालं तसा रिथी गप्प झाला. मागून सावकाश उतरणारी कोरा तर आधीपासूनच गप्प होती. नील्डाचे वडील एप्रिलमध्ये वारले. तेव्हापासून तिच्यासमोर कोणते शब्द उच्चारायचे आणि कोणते गिळायचे, हे या दोघांना अजून नीटसं जमलं नव्हतं.

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि लगेच तीन दिवसांची सुट्टी आली होती. अशा सुट्टीत खरं म्हणजे धमाल करायची! पण पॉटकेट गावावर सकाळपासून राखाडी आभाळ उतरलं होतं. काठावरच्या सुमाकच्या झुडपांची पानं लाल व्हायला लागली होती आणि पाणी मात्र अजून कोमट होतं. अशा दिवसांत पोगी नावाच्या छोट्या माशांचे थवे नदीत वर चढतात, त्यांच्या मागे पट्टेरी बास चढतात, आणि त्यांच्या मागे पुलाच्या कठड्यावर अर्धी वस्ती गोळा होते. यंदा पुलावर माणसं होती, पण कोणी हसत नव्हतं. मत्स्य खात्यानं कठड्याला एक कागद चिकटवला होता, त्याचा हा परिणाम.

"मंगळवारपासून या पुलावर मासेमारी बंद. कठड्याला उंच जाळी बसवण्यात येईल." का, तर म्हणे पुलावरचे लोक नियमाबाहेरचे मोठे मासे पकडतात आणि अधिकारी येताना दिसले की मेलेले मासे खाली फेकून मोकळे होतात!

"हे बघा! पोरंसुद्धा आलीत पुरावा लपवायला!" वरून आवाज आला. कुत्रा फिरवायला आलेले एक गृहस्थ कठड्यावरून वाकून बघत होते. "लाज नाही वाटत? एवढा सुंदर जीव!"

"आम्ही नाही मारला!" रिथी ओरडला.

"मग काय, आपण होऊन येऊन पडला?" गृहस्थ म्हणाले, आणि कुत्र्याला ओढत निघून गेले.

नील्डानं वर पाहिलं. तिची आई झुल्मिरा पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण मान वळवली नाही. बेकरीतली पाळी संपली की ती पप्पांची गळाची काठी घेऊन तडक इथं यायची आणि अंधार पडेपर्यंत थांबायची. नियमात बसणारा मधल्या मापाचा एक मासा मिळाला तर घरी न्यायचा, नाही मिळाला तर नाही. घरी ती बोलायचीच नाही. भांडी घासायची, कपड्यांच्या घड्या करायची आणि झोपायची. पुलावर मात्र शेजारच्या काठीला मासा लागला की तिच्या तोंडून "अगं सोड, सोड, दोरी सैल सोड!" असं निघायचं. आईचा आवाज नील्डाला आता तेवढाच ऐकायला मिळायचा. जाळी लागली की तोही बंद!

"मी हे होऊ देणार नाही," नील्डा म्हणाली.

"कसं? जाळीला चावणार?" रिथीनं विचारलं.

"आधी ही मेली कशी ते बघू."

ती मेलेल्या मादीपाशी चिखलात बसली. अंगावर कुठंही जखम नव्हती. गळ पोटात गेला असता तर घशात रक्त दिसलं असतं, तेही नव्हतं. मग तिनं जबडा उघडला.

"रिथी, इथं बघ. खालच्या जबड्याच्या पातळ कातडीला भोक आहे. बोट जाईल एवढं!"

"गळाचं असेल."

"वेडा आहेस का? गळाचं एवढं मोठं नसतं. कशाला तरी टांगलंय तिला. आणि मला सांग, एवढं धूड पुलावरून वर ओढायचं कसं? दोरी तुटेल! आपण दोरीला बांधून जाळ्याची टोपली खाली सोडतो ना, ती तरी हिला पुरेल का?"

"निम्मी बाहेर लटकेल," रिथी म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या मामांना असलीच लागली होती. तिला सोडवायला ते कठड्याच्या कडेकडेनं चालत काठापर्यंत गेले आणि पाण्यात पडले! सर्दीनं आठवडाभर शिंकत होते."

दोघं हसले. कोरा हसली नाही. ती त्या भोकाकडे टक लावून बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"कोरा? काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे!"

"काट्याचा आकडा," कोरा हळूच म्हणाली. "ग्लेन काकांच्या क्लबात वजनाचा काटा आहे. त्याचा आकडा जबड्यात घालून मासा टांगतात. असंच भोक पडतं."

रिथीनं शीळ घातली. कोराचे काका ग्लेन पेलेटिए म्हणजे खाली वळणापलीकडच्या बोटक्लबाचे अध्यक्ष. त्यांच्या मोठ्या मासळीच्या स्पर्धेची बोंब आठवडाभर गावभर होती.

"पण ते मारत नाहीत!" कोरा एकदम उसळली. "फोटो काढतात आणि सोडून देतात! प्रत्येक मासा! तोच तर नियम आहे क्लबाचा. मासळी पोहत जाते, मी स्वतः पाहिलंय!"

"आणि मग इथं येऊन मरते? पुलावर आळ यावा म्हणून?" रिथी म्हणाला.

"माझे काका खोटं बोलत नाहीत!"

"मग माझी आई बोलते का?" नील्डा उठून उभी राहिली. "सांग ना! माझी आई बोलते?"

कोराच्या डोळ्यांत पाणी आलं. वरून पोगीच्या आतड्यांचा वास येत होता आणि चिखलात खेकडे खुडबुडत होते.

शेवटी रिथीच म्हणाला, "पण क्लब तर खाली आहे. नदी खाली वाहते. तिथला मेलेला मासा वर कसा येईल?"

"भरतीला नदी वर वाहते, शहाण्या," नील्डा म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. "कोरा, तुमच्या क्लबाचा भोंगा रोज वेगळ्या वेळी का वाजतो? सोमवारी दुपारी वाजला होता. काल पार संध्याकाळी."

"वजनाची वेळ झाली की वाजवतात. धक्क्यापाशी गाळ साचलाय ना, पाणी चढल्याशिवाय बोटी आतच येत नाहीत. म्हणून भरती लागली की..." कोराचं वाक्य अर्धवटच राहिलं.

"म्हणजे सोडतात तेसुद्धा भरतीतच! पाणी वर येत असताना!" नील्डा म्हणाली. "प्रत्येक वेळी! मग ते सगळे मासे येणार कुठं? इथंच!"

"पण त्या पोहत जातात," कोरा पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग खात्री करू. तुझे काका खरे असतील तर मी त्यांची माफी मागेन. क्लबात येऊन, सगळ्यांसमोर."

कोरानं नाक पुसलं. मग खिशातून केशरी लोकरीचा गुंडा काढला. भावासाठी टोपी विणायला घेतली होती तिनं, दोन महिन्यांत तीन बोटांएवढीच विणून झाली होती.

"उद्या स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "सोडायच्या वेळी मासा धरायला काका मलाच बोलावतात. मी शेपटीला लोकर बांधीन. सैल. पण नील्डा, ती इथं आली नाही तर तू खरंच माफी मागायचीस हं!"

*

रविवारी संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा क्लबाचा धक्का माणसांनी फुलला होता. कणसं भाजली जात होती, शिंपल्यांच्या सूपाचं पातेलं उकळत होतं. कोरा मात्र बोटींच्या वाटेकडे बघत उभी होती.

"आली! आली! यंदाची राणी आली!" ग्लेन काका गरजले. काका होतेच तसे, आडदांड, मनमोकळे, कोणाच्याही पाठीवर थाप मारणारे. कोराला सायकल त्यांनीच शिकवली होती. बोटीतल्या टाकीतून त्यांनी ती मादी उचलली आणि जबड्यात आकडा घालून काट्याला टांगली. मासळीचं सगळं ओझं त्या पातळ कातडीवर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग फोटो सुरू झाले. पकडणाऱ्याचा फोटो, त्याच्या बायकोचा, बाळाला मासळीवर टेकवून एक, क्लबाच्या पाटीसकट एक. "थांबा, थांबा, माझे डोळे मिटले होते! पुन्हा!" म्हणून पुन्हा एक. मासळीचे कल्ले उघडत होते, मिटत होते. आजवर कोरानं हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आज ती दुसरीकडे बघू शकत नव्हती.

"काका, आता सोडा ना तिला!"

"सोडतोय गं बाई! चल, शेपटी धर."

कोरा धक्क्याच्या पायरीवर ओणवी झाली. तिनं शेपटीला लोकरीची सैल गाठ मारली. काकांनी मासळी पाण्यात सोडली. ती क्षणभर तशीच राहिली, मग शेपटीचा एक फटका मारून खाली हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली.

"पाहिलंत?" काकांनी हात वर केले. "गेली! याला म्हणतात मासेमारी! नाहीतर ते पुलावरचे लोक, दिसेल ते मारतात आणि खातात!"

लोक हसले. कोरानं सायकल काढली आणि काठाच्या रस्त्यानं सुसाट सुटली.

*

वळणावर रिथीच्या मामांची जुनी होडी नांगर टाकून उभी होती. आत नील्डा आणि रिथी, दोघांच्या अंगात फुगीर तरंगजाकिटं. भरतीचं पाणी त्यांना ओलांडून वर, पुलाकडे चाललं होतं. पाण्यावर पानं, प्लास्टिकचा पेला, कोणाचीतरी चप्पल.

"मामांना कळलं होडी आणलीय, तर ते मला या चपलेनंच हाणतील," रिथी कुजबुजला.

"विचारलं नाहीस?"

"विचारलं. ते झोपेत 'हं' म्हणाले."

"गप्प! ते काय आहे?"

पाण्यावर काहीतरी पांढरं वर आलं, बुडालं, पुन्हा वर आलं. नील्डाला मनापासून वाटत होतं, प्लास्टिकची पिशवी असू दे. तिला माफी मागायची होती. खरंच मागायची होती! पण ती पिशवी नव्हती. ते पोट होतं. त्याच्या मागे, पाण्यात पसरलेला, केशरी धागा.

"अरे देवा," रिथी म्हणाला.

"ती जिवंत आहे! कल्ले हलतायत! रिथी, होडी जवळ घे!"

नील्डानं बाहीसकट दोन्ही हात पाण्यात घातले. एका हातानं जबडा धरला, दुसरा पोटाखाली घातला आणि मासळीला सरळ केलं. तोंड प्रवाहाकडे धरायचं, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जातं. पप्पांनी शिकवलं होतं.

"श्वास घे," ती म्हणाली. "घे ना गं. घे!"

कल्ले उघडले. मिटले. एकदा तर शेपूट हलली आणि नील्डा किंचाळलीच, "बघ! बघ! जगणार ही!" रिथीनं होडी स्थिर धरून ठेवली होती. तो एकही विनोद करत नव्हता. काठावर सायकल फेकून कोरा धावत आली आणि पाण्याच्या कडेला थबकली. नील्डाचे हात भरून आले, तरी ती धरून राहिली. कल्ले उघडायला आता फार वेळ लागत होता. मग ते उघडलेच नाहीत.

"नील्डा," बऱ्याच वेळानं रिथी म्हणाला. "सोड आता."

ती सोडेना. शेवटी रिथीनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती रडायला लागली. काठावर कोराही रडत होती.

रिथीचेही डोळे ओले होते, पण डोकं चालू होतं. त्यानं फोन काढला आणि पुलावरच्या त्या कागदावरचा तक्रारीचा नंबर लावला. "हॅलो? मेलेल्या माशांबद्दल बोलायचंय. हो, मोठा आहे. नाही, पुलावर नाही. बोटक्लबात या. लगेच या हं!"

*

क्लबात बक्षिसं वाटणं सुरू होतं. मागच्या पडद्यावर आजचे फोटो एकामागून एक झळकत होते. तेवढ्यात चिखलानं माखलेली तीन पोरं दारातून आत आली. दोघांनी मिळून एक ओलं पोतं उचललं होतं.

"कोरा! कुठं होतीस गं? आणि हा काय अवतार?" काका म्हणाले.

नील्डा पुढे झाली. बाह्यांतून अजून पाणी ठिबकत होतं, पण आवाज फुटला. "मिस्टर पेलेटिए, एक विचारायचंय. आज जिंकलेली मासळी आत्ता कुठं असेल?"

काका हसले. "कुठं असेल? वळण पार करून समुद्राच्या वाटेला लागली असेल! का गं?"

"नक्की?"

"अगदी नक्की! आम्ही सोडलेली मासळी जगते. या सगळ्यांसमोर सांगतो!"

"ती मेली असेल तर?"

"मेली तर पुढच्या वर्षी ही स्पर्धा होणार नाही, झालं समाधान?" काकांनी लोकांकडे बघून डोळा मारला. सगळे हसले.

"थँक्यू," रिथी अगदी नम्रपणे म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं ना?"

आणि त्यांनी पोतं उघडलं.

हसू विरलं. "कुठलीतरी असेल," एकजण पुटपुटला. "पुलावरून आणली असेल."

"तिच्या शेपटीला केशरी लोकर आहे," कोरा म्हणाली. "मी बांधली. धक्क्यावर, तुमच्या सगळ्यांसमोर. तो फोटो बघा ना!"

माना वळल्या. पडद्यावर ग्लेन काका हसत मासळी पाण्यात सोडत होते, आणि शेपटीपाशी ओणवलेल्या कोराच्या बोटांतून केशरी धागा लोंबत होता.

"मी ती पोहताना पाहिली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "पाहिली मी. खाली गेली ती."

"दिसेनाशी झाली, म्हणून तुम्ही समजलात जगली," दारातून कोणीतरी म्हणालं. मत्स्य खात्याच्या अधिकारी ड्रिस्कॉलबाई गणवेशात उभ्या होत्या. त्या आत आल्या, मासळीजवळ वाकल्या, जबड्यातल्या भोकात त्यांनी बोट घालून पाहिलं. "मोठी मादी जिथं पकडली तिथंच, त्याच क्षणी सोडायची असते, मिस्टर पेलेटिए. टाकीत घालून आणायची नसते, टांगायची नसते, कोमट पाण्याच्या दिवसांत तर नाहीच नाही. पुलाखाली सापडलेल्या सगळ्यांच्या जबड्याला हेच भोक होतं. मला वाटलं, पुलावरच्या कोणाच्या तरी आकड्याचं." त्या उठून उभ्या राहिल्या. "मी चुकले. उद्या मी स्वतः तो कागद काढते."

कोरा काकांकडे बघत होती. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मासळीच्या पाठीवरून हळूच हात फिरवला.

"सांगायचंस ना गं मला," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

काकांनी शेपटीची लोकर सोडवली आणि तिच्या हातात दिली.

*

सोमवारी संध्याकाळी पुलावरचा कागद निघाला. ड्रिस्कॉलबाईंनी सगळ्यांच्या देखत तिन्ही पोरांचे हात हातात घेतले. "आमच्या खात्याला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत. शाब्बास!" कठड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिथीच्या मामांनी त्याचा कान धरला आणि मग तोच हात डोक्यावरून फिरवला. कुत्रेवाले गृहस्थसुद्धा आले आणि टोपी काढून, "चुकलंच माझं," असं काहीतरी पुटपुटून गेले.

थोड्या वेळानं ग्लेन काका आले. हातात काठी, बादली, आणि बाजूला कोरा. ते झुल्मिरासमोर उभे राहिले आणि त्यांनी बादली खाली ठेवली.

"स्पर्धा बंद केली," ते म्हणाले. "आणि तुमच्याबद्दल मी जे बोलत होतो... इथं जागा आहे का?"

झुल्मिरानं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं आपली बादली पायानं थोडी बाजूला सरकवली. काका तिथं उभे राहिले.

त्या संध्याकाळी कोणाच्याच गळाला काही लागलं नाही. पाऊस भुरभुरायला लागला. रिथी आणि कोरा पुलाच्या टोकाला कणसं आणायला गेले. नील्डा आईजवळ कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत होती. सगळे शाब्बास म्हणत होते, पण तिला काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

"रिथी सांगत होता," आई अचानक म्हणाली. "मेल्यावरसुद्धा तू तिला सोडत नव्हतीस."

नील्डानं चमकून वर पाहिलं. "मला वाटलं, अजून थोडा वेळ धरलं तर जगेल. शेपूट हलली होती गं, मम्मी."

आईनं काठी कठड्याला टेकवून ठेवली. "पप्पांनी पण शेवटच्या दिवशी माझं बोट दाबलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता बरे होतात. नर्स आली तरी मी हात सोडला नाही. ती म्हणाली, बाई, सोडा आता."

आईनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. नील्डानं आईचा हात धरला. तो पावसानं ओला आणि गार होता.

"अजून सांग ना," नील्डा म्हणाली.

आणि आई सांगायला लागली.